तिकीट वसूल

दूरदर्शनच्या जमान्यात मुंबईला येणारा पाहुणा घरून यादी घेऊनच निघायचा. गेटवे, राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय आणि ‘जमलंच तर’ एखाद्या नटाचा बंगला, अर्थात बाहेरून. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि या यादीत मत्स्यालयाचा नंबर खाली घसरला. टीव्हीवर या करमणूक पार्काची जाहिरात लागायची. घरी जायला साफ नकार देणारं ते गाणं झाडून सगळ्या पोरांना पाठ होतं आणि झाडून सगळ्या आयांना त्याचा संताप होता. कारण कोणाचं बारसं असो की मावशीकडचा सत्यनारायण, निघायची वेळ झाली की पोरं चपलांच्या ढिगाऱ्यात बसकण मारून तेच गाणं सुरू करायची.

मुंबईत राहणारा माणूस आपण होऊन मुंबई बघत नाही. ती त्याला पाहुणे दाखवतात. आमच्या डोंबिवलीच्या घरात गोराईचा विषय निघाला तो नागपूरचे मामा आले तेव्हाच. मामा चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाले, “भाऊजी, ते पाण्यातून जा लागते ते आहे ना, ते एकडाव दाखवूनच द्या पोट्ट्यांना.” बाबा काही बोलले नाहीत. ते पंख्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. माणसं गुणिले तिकीट, अधिक रिक्षा, अधिक वरखर्च. ओठ थांबले तेव्हा ते म्हणाले, “आधी राणीची बाग तर बघून घ्या.”

मामा बधले नाहीत. बहिणीच्या घरी आलेला भाऊ अशा बाबतीत बधत नसतो.

डोंबिवलीहून गोराईला जायचं म्हणजे दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वे पकडायची. मध्य रेल्वेच्या माणसाच्या लेखी तिथूनच परमुलूख सुरू होतो. फलाटावर कोणत्या बाजूला उभं राहायचं कळत नाही, लोक ‘फास्ट’ म्हणतात ती खरंच वेळेवर येते, त्यामुळे संशय येतो. बोरिवलीला उतरून गोराई खाडीपर्यंत बेस्टची बस किंवा रिक्षा. भाईंदर-उत्तनवरून गाडीने थेट जाता यायचं, पण आमच्या चाळीत चारचाकी वाहन म्हणजे गॅस सिलिंडरवाल्याचा टेम्पो.

खाडीच्या अलीकडच्या काठाला त्या काळी मुंबईचं एक मोठं डम्पिंग ग्राउंड होतं. ते २००७ साली बंद झालं आणि पुढे कचऱ्याचा तो डोंगर माती टाकून हिरवा केला गेला. पण आमच्या वेळी तो चांगला चालू होता. त्यामुळे स्वप्ननगरीची चाहूल डोळ्यांच्या आधी नाकाला लागायची. आजीने पदर नाकाला लावला तो बोट सुटेपर्यंत काढला नाही. “एवढे पैसे भरून इथे येतात माणसं?” असं ती पदराआडून विचारत होती. धक्क्यावर गोराई गावात जाणारी मंडळीही असायची. कोळणी, टोपल्या, चर्चहून परतणारी ईस्ट इंडियन कुटुंबं. नवे कपडे घालून, गळ्यात कॅमेरे अडकवून, पाणी बघून किंचाळणाऱ्या आमच्याकडे ही माणसं ज्या शांतपणे बघायची, तो शांतपणा मला अजून आठवतो. रोज कामाला जायचा त्यांचा रस्ता आमच्यासाठी पहिली राइड होती. बोटीतून तिवरांच्या कडेने जाताना मामांनी हात पाण्यात घातला आणि मामींनी तो बाहेर काढून पुसला.

हे पार्क उभारणाऱ्या एस्सेल समूहाचा एक मोठा धंदा टूथपेस्टच्या ट्यूब बनवायचा. त्यांची झी वाहिनी सुरू झाली १९९२ साली, म्हणजे पार्क आधी, टीव्ही नंतर. दात घासायची सोय करणाऱ्यांनीच मग दात विचकायचीही सोय करावी यात एक प्रकारची सचोटी आहे. बाबांना हे कळल्यावर त्यांना पार्काबद्दल जरा विश्वास वाटू लागला. नुसती करमणूक करणाऱ्या माणसावर त्यांचा भरवसा नव्हता.

तिकीट एकदाच काढायचं आणि मग आतल्या राइडमध्ये हवं तितक्या वेळा बसायचं, हा प्रकार मध्यमवर्गीय मराठी माणसाने तोवर पाहिला नव्हता. जत्रेत पाळणेवाल्याला प्रत्येक खेपेचे पैसे द्यावे लागायचे, त्यामुळे ‘एकदाच हं’ म्हणून पोराला उतरवता यायचं. इथे ती सोयच नाही. एकरकमी पैसे घेतलेले, आणि आनंद अमर्याद. त्यावर बाबांनी काढलेला तोडगा घरातल्या सगळ्यांना आयुष्यभर पुरला. ते म्हणाले, भागाकार करा. तिकिटाला राइडच्या संख्येने भागायचं. जितक्या जास्त वेळा बसाल, तितकी एक राइड स्वस्त. दुपारपर्यंत त्यांनी एका राइडचा भाव डोंबिवलीतल्या घोडागाडीच्या फेरीपर्यंत खाली आणला होता आणि संध्याकाळपर्यंत तो शेंगदाण्याच्या पुडीवर आणायचा त्यांचा निर्धार होता.

यात आई सापडली. तिला झोपाळ्यावरही गरगरायचं. “मी पर्सा सांभाळते,” असं ती म्हणाली, आणि बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने दुधाचं पातेलं मोरीत ओतलं होतं. पर्सा सांभाळायचं तिकीट पार्कवाले वेगळं देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आईला गोल फिरणाऱ्या कपात बसवण्यात आलं. ती डोळे मिटून, पर्स पोटाशी धरून, रामरक्षा म्हणत फिरली. उतरल्यावर बाबांनी विचारलं, “मजा आली?” ती म्हणाली, “संपलं का?” एवढं बोलणं पुरेसं होतं. बाबांनी वहीत एक रेघ मारली.

आजीची गोष्ट निराळी. ती कोकणातली, तिला घाबरवायला तितक्याच तयारीचं काही लागायचं. भूतबंगल्यातून ती एकदाही न दचकता बाहेर आली. आतली भुतं विलायती होती. सुळे, काळा झगा, शवपेटी. आमच्या आजीची उठबस मुंजा, खवीस आणि देवचार यांच्यात. ओळख ना पाळख, अशा माणसाला भ्यायचं कशासाठी, हा तिचा रोकडा सवाल होता. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “नारळ दिला असता तर गप्प बसला असता मेला.”

मग ती डॅशिंग कारमध्ये बसली. नऊवारीतली आजी, शेजारी माझी धाकटी बहीण. ही गाडी चालते कशी हे मामांनी मोठ्या अधिकाराने समजावून सांगितलं होतं. मागच्या दांड्याचं टोक छताच्या जाळीला टेकतं, जाळीत वीज, खालची पत्र्याची जमीन दुसरं टोक, मध्ये गाडीची मोटर. आजीला यातलं एवढंच समजलं की वर ठिणग्या पडतायत. पण गाडी घेतली तिने हातात. आणि तिची समजूत अशी की गाडी चालवायची असते ती कोणाला धडक न देता. तिने रिंगणाच्या कडेने, डाव्या बाजूने, अगदी बेताने गाडी नेली. जो तो येऊन तिला धडकत होता. पाचवी धडक बसली तशी ती गाडीतल्या गाडीत उभी राहायचा प्रयत्न करत एका कॉलेजच्या पोरावर ओरडली, “एवढा रस्ता मोकळा आहे, दिसत नाही?” तो पोरगा वरमला. त्याने तिला खरंच वाट करून दिली. मग दुसऱ्यांनीही दिली. उरलेली फेरी सगळे जण आजीच्या मागे एका रांगेत, शिस्तीत चालवत होते. ती राइड चालवणाऱ्या माणसाने असं दृश्य त्याआधी पाहिलं नसावं, कारण त्याने वेळ संपल्यावरही बटण दाबलं नाही.

उंचीचा विषय काढायलाच हवा. मुलांचं तिकीट उंचीवरून ठरायचं. त्यामुळे तिकीटखिडकीसमोर प्रत्येक मराठी पोरगा गुडघ्यात वाकून, मान खांद्यात घालून उभा. “नीट उभा राहा रे, म्हणजे खाली,” असं बाप दातांमधून सांगायचा. आत गेल्यावर मोठ्या राइडपाशी पुन्हा एक मापपट्टी. तिथे तोच पोरगा टाचा उंचावून, केस वर करून, श्वास रोखून उभा. सकाळी वय कमी करायचं आणि दुपारी वाढवायचं हा व्यवहार आम्ही तिथे शिकलो. पुढे लोकलच्या पासापासून लग्नाच्या बायोडाट्यापर्यंत तो अनेकांच्या कामी आला.

बाहेरचं खायचं आत नेऊ देत नाहीत, अशी बातमी आमच्या कंपूत कोणीतरी बोटीतच पसरवली होती. ती खरी की खोटी याची चौकशी करायला कोणी धजेना. त्यामुळे आईने पहाटे चारला उठून केलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या आणि मामींच्या डब्यातला नागपुरी चिवडा हे सगळं आत शिरण्याआधी, सावली शोधून, एका बैठकीत संपवण्यात आलं. टाकायचं नाही हा नियम होता. मग सगळे तडस लागलेल्या पोटाने टॉप स्पिनच्या रांगेत उभे राहिले.

माणसाच्या कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यातला द्रव हलला की डोकं किती आणि कुठल्या दिशेने फिरतंय ते मेंदूला कळतं. डोळे एक सांगतात, कान दुसरं सांगतात, आणि दोघांचं पटेनासं झालं की मेंदू पोटाला मध्ये घालतो. नागपूरच्या मामांच्या बाबतीत त्या दिवशी पोट साक्षीला नव्हे, थेट निकाल द्यायला आलं. खाली उतरल्यावर ते एका झाडाला धरून म्हणाले, “काही नाही बे, जरा ऊन लागलं.” पाऊस पडत होता.

रोलर कोस्टरचं मात्र शास्त्र नंतर कळलं आणि हसू आलं. गाडीला इंजिन नसतं. पहिल्या चढावर साखळी तिला ओढून नेते आणि तिथून पुढचा सगळा प्रवास ती जमा केलेल्या उंचीवर करते. म्हणून पहिला चढ सगळ्यात मोठा. त्या चढावर जो टक-टक-टक आवाज येतो, ज्याने आमचं काळीज घशाशी यायचं, तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्टीचा. घाबरावं असं त्यात काही नव्हतंच. घाबरायचं तर तो थांबल्यावर घाबरायचं, पण तोपर्यंत तोंड आधीच उघडलेलं असायचं.

आणि रांगा. दोन मिनिटांच्या राइडसाठी पाऊण तास रांगेत. पार्कात गेलो होतो असं आपण म्हणतो खरं, पण हिशेब केला तर आपण रांगेत गेलो होतो आणि मधूनमधून राइड लागल्या. रांगेत ओळखी झाल्या, पत्ते दिले-घेतले, एक स्थळही निघालं. ‘मी इथेच होतो, पाणी प्यायला गेलो होतो’ हे वाक्य ऐकल्यावर मराठी माणसाचा जो न्यायनिष्ठ संताप उसळतो, तो तिथे पुरेपूर उसळला. बाबा रांगेतला वेळ भागाकारात धरत नसत. तो धरला असता तर सगळा हिशेबच कोसळला असता.

पुढे पार्काला एक असा शेजारी आला की कोणी ठरवून केलं म्हणावं तर विश्वास बसू नये. एस्सेलवर्ल्डच्या शेजारी विपश्यनेचा भव्य पॅगोडा उभा राहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नसलेला प्रचंड घुमट, एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसतील एवढा. आणि तिथे जायला बहुतेकांचा धक्का आणि बोट तीच. म्हणजे एका बाकावर दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही असा निश्चय केलेला साधक, आणि त्याला खेटून दिवसभर बोंबलायचं तिकीट काढलेला सातवी ‘ब’चा अख्खा वर्ग. उतरून एकाने डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं, दुसऱ्याने डोळे मिटून श्वास रोखायचा. मन स्थिर करायचे आणि पोट अस्थिर करायचे दोन्ही कारखाने एकाच बेटावर ठेवणारं शहर मला तरी दुसरं माहीत नाही. बोटीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उतरताना चुकून पोरांच्या मागे चालायला सुरुवात केली होती, असं एकाने मला सांगितलं. मला त्यात चूक झाली असं वाटत नाही.

एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे. शेजारचं वॉटर किंगडम चालू आहे, पॅगोडा चालू आहे, बोट चालू आहे. फक्त मधला गोंगाट थांबला.

परदेशात ओसाड पडलेल्या पार्कांचे फोटो काढत फिरणारी एक जमातच आहे. जपानमध्ये नारा इथे डिस्नेलँडच्या धर्तीवर १९६१ साली बांधलेलं ड्रीमलँड २००६ साली बंद पडलं आणि पुढची दहा वर्षं तसंच उभं राहिलं. रुळांवर वेली, किल्ल्यावर गंज. रात्री कुंपणावरून उड्या मारून फोटो काढणारे तिथे इतके यायचे की चालू असताना एवढी गर्दी असती तर ते बंदच पडलं नसतं. आपल्याकडे जागेला इतकी फुरसत मिळत नाही. दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली सुरू झालं, आशियाई स्पर्धांच्या अप्पू हत्तीचं नाव घेऊन. २००८ मध्ये ते बंद झालं आणि जमीन सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी गेली. जिथे उत्तर भारतातली पोरं ‘अजून एक चक्कर’ म्हणून रडली, तिथे आता पक्षकार अजून एक तारीख मिळाली म्हणून रडतात. झाडावेलींनी वेढलेला पाळणा बघायला पन्नास वर्षं मोकळी जमीन लागते. मुंबईत पन्नास वर्षं मोकळी राहणारी जमीन फक्त कज्ज्यात असते.

बंद झाल्याची बातमी आली त्या रात्री आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शोकसभा भरली. हात जोडलेली चित्रं, पिवळे पडलेले फोटो, ‘आमचं बालपण गेलं’ अशी वाक्यं. एकाने तर ‘ईश्वर मृतात्म्यास’ असं लिहून नंतर खोडलं. कोणीतरी सहज विचारलं की आपल्यापैकी शेवटचं तिथे कोण गेलं होतं? ग्रुप बराच वेळ गप्प. शेवटी निघालं ते असं की बहुतेकांनी दहावीनंतर तिथे पाय ठेवला नव्हता. मुलांना नेलं ते खोपोलीच्या इमॅजिकाला, किंवा मॉलच्या चौथ्या मजल्यावर, जिथे कार्ड घासलं की घोडा हलतो. बालपण गेलं म्हणणाऱ्यांपैकी कोणी गेल्या वीस वर्षांत त्यासाठी तिकीट काढलेलं नव्हतं. तरीही सगळ्यांचा गळा खरोखर दाटला होता, यात मला खोटं काही वाटत नाही. बाबांच्या भाषेत सांगायचं तर तिकिटाची वसुली अजून चालूच होती. एका दिवसाच्या पैशात तीस वर्षं गप्पा मारल्या, आजीचा किस्सा दोन पिढ्यांना ऐकवला, आता हुंदकाही त्याच तिकिटात मिळाला. भाव कुठल्या कुठे खाली आला असेल.

एक मात्र बघण्यासारखं होतं. आठवणीतून डम्पिंग ग्राउंड साफ वगळलं गेलं होतं. रांगा वगळल्या गेल्या होत्या. पुऱ्यांचं काय झालं हेही. माझ्या बहिणीने ठासून लिहिलं की आईला कपांची राइड फार आवडायची. मी हे आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि म्हणाली, “हो, आवडायची.” नागपूरचे मामा आता सांगतात की टॉप स्पिनमध्ये ते तीनदा बसले होते आणि भाऊजींनाच ऊन लागलं होतं. बाबा यावर काही बोलत नाहीत. त्यांच्याकडे ती वही आहे, पण ते ती काढत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

शोकसभेतून मग ठराव निघाला. सगळ्यांनी मिळून एकदा त्या बाजूला जायचंच. वॉटर किंगडमचं नाव आलं. एकाची मणक्यात गादी सरकलेली, एकीला क्लोरिन सोसत नाही, दोघांना डॉक्टरांनी घसरायला मना केलेलं. एकाने स्पष्टच लिहिलं की पोट लपवायला मला तीन महिने लागतील, तोवर थांबा. तिकीट किती असेल याचाही अंदाज कोणीतरी टाकला आणि त्यावर दोन तास कोणी उत्तर दिलं नाही. मग मध्य रेल्वेवरच्याच एकाने सुचवलं, पॅगोडा बघू या का? बोट तीच, खाडी तीच, प्रवेश फुकट, आणि बसायचं जमिनीवर, म्हणजे पडायची भीती नाही. भराभर अंगठे आले. इतके अंगठे त्या ग्रुपवर कोणाच्या लग्नाच्या वाढदिवसालाही आले नव्हते. तारीख ठरली, डबे कोणी काय आणायचे ते ठरलं, पुऱ्या कोणाच्या यावरून थोडी खडाजंगी झाली. तेवढ्यात एकीने विचारलं, “तिथे आत गेल्यावर बोलायचं नसतं ना? किती वेळ?”

या प्रश्नावर ग्रुपमध्ये तीन दिवस चर्चा चालू आहे. काल रात्रीपर्यंत एकशे चाळीस मेसेज झाले होते.